३१ डिसेंबर: सोलापुरात तारा जुळल्या, ब्रिटनचा बाजार तुटला

सिद्धेश्वरतळं

विजेच्या कामातल्या माणसाला सोलापूर म्हटलं की चादरीच्या आधी एक तारीख आठवते. ३१ डिसेंबर २०१३. त्या दिवशी रायचूर–सोलापूर ही ७६५ केव्हीची लाइन चालू झाली आणि दक्षिण भारताची ग्रिड (विजेच्या तारांचं जाळं) उरलेल्या देशाशी एका फ्रिक्वेन्सीवर जुळली. बरोबर सात वर्षांनी, ३१ डिसेंबर २०२० ला, ब्रेक्झिटचा संक्रमणकाळ संपला आणि ब्रिटन युरोपच्या सामायिक वीजबाजारातून बाहेर पडला. माझी अर्धी नोकरी सबस्टेशनच्या यार्डात गेली, त्यामुळे या दोन तारखा मनात शेजारी शेजारी बसल्या आहेत.

माझं म्हणणं असं. युरोपीय संघातून बाहेर पडल्यामुळे ब्रिटनचं अक्षय ऊर्जेचं धोरण बुडालं नाही. पण त्याच ठिकाणी पोहोचायला त्यांना जास्त खर्च येतोय, आणि तो खर्च वीजबिल भरणारा सोसतोय.

थोडी पार्श्वभूमी देतो. युरोपीय संघाच्या २००९ च्या निर्देशाने प्रत्येक सदस्य देशाला २०२० चं उद्दिष्ट बांधून दिलं होतं. ब्रिटनला एकूण ऊर्जावापरापैकी १५ टक्के अक्षय स्रोतांतून आणायची होती. २००५ मध्ये हा आकडा जेमतेम १.३ टक्के होता. उद्दिष्ट चुकलं तर युरोपीय न्यायालयात जाब द्यावा लागेल, हा धाक होता. तो गेला. दुसरं, युरोपियन इन्व्हेस्टमेंट बँकेत ब्रिटनचा सुमारे १६ टक्के वाटा होता, आणि समुद्रातल्या पवनचक्क्यांना या बँकेने स्वस्त, लांब मुदतीची कर्जं दिली होती. २०१७ पासून ती एकदम आटली. त्याच वर्षी ब्रिटिश सरकारने स्वतःची ग्रीन इन्व्हेस्टमेंट बँकही विकून टाकली. आणि तिसरं, मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते बाजाराचं. त्यावर विस्ताराने बोलायची इच्छा आहे.

होटगीरोड

सर, तुमच्या अनुभवाबद्दल आदर आहे, पण निष्कर्ष पटत नाही.

ब्रिटनचा क्लायमेट चेंज ॲक्ट २००८ चा. तो ब्रुसेल्सने, म्हणजे युरोपीय संघाने, लादलेला नव्हता, लंडनच्या संसदेने केला. १९९० च्या तुलनेत २०५० पर्यंत उत्सर्जन ८० टक्के कमी करायचं, हे त्यात होतं. जून २०१९ मध्ये, ब्रेक्झिटवरून संसद ठप्प झालेली असताना, तेच उद्दिष्ट ‘नेट झीरो’पर्यंत (निव्वळ शून्य उत्सर्जन) वाढवलं. २०१० च्या सुमारास त्यांच्या विजेत अक्षय स्रोतांचा वाटा सात टक्क्यांच्या आसपास होता, २०२४ मध्ये तो निम्म्याच्या वर गेला. ३० सप्टेंबर २०२४ ला रॅटक्लिफ-ऑन-सोर हे शेवटचं कोळशाचं केंद्र बंद झालं. आपल्याकडे फताटेवाडीच्या वीजकेंद्रात १,३२० मेगावॉट कोळशावर चालतात, हे या धाग्यावर सगळ्यांना माहीत आहे. तेव्हा ‘धाक गेला’ म्हणून नेमकं काय बिघडलं ते दाखवा.

आणि स्वातंत्र्याचा फायदाही बघा. घरावर सोलर बसवताना लागणारा व्हॅट ब्रिटनला कमी ठेवायचा होता. २०१५ मध्ये युरोपीय न्यायालयाने निकाल दिला की ऊर्जाबचतीच्या साहित्याला सरसकट सवलत देता येणार नाही. २०१९ मध्ये त्यांना ती सवलत आवळावी लागली. बाहेर पडल्यावर, एप्रिल २०२२ पासून, त्यांनी हा व्हॅट सरळ शून्य केला. आपल्याकडे पॅनेलवरचा जीएसटी २०२१ मध्ये ५ वरून १२ टक्के झाला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये परत ५ वर आला. मधली चार वर्षं एकट्या महाराष्ट्राला वाटलं असतं तरी तो कमी करता आला नसता. ज्याच्या छतावर ऊन पडतं, त्याला कर ठरवायचा अधिकार का नसावा?

मंगळवेढ्याची_ज्वारी

दादा, व्हॅटचं उदाहरण अर्धंच सांगितलंत.

ब्रिटनने एप्रिल २०२२ ला शून्य केला तो इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्ससाठी. उत्तर आयर्लंडला युरोपचेच व्हॅटचे नियम लागू राहिले होते, त्यामुळे तिथल्या लोकांना ही सूट मे २०२३ पर्यंत मिळाली नाही. एकाच देशात दोन कर. शिवाय त्याच एप्रिल २०२२ मध्ये युरोपीय संघाने आपला नियम बदलला आणि घरांवरच्या सोलर पॅनेलला शून्य दर लावायची मुभा सदस्य देशांना दिली. जर्मनीने १ जानेवारी २०२३ पासून शून्य केलासुद्धा. म्हणजे आत राहिले असते तर ब्रिटिश घरमालकाला फार फार तर काही महिने थांबावं लागलं असतं.

पण सर, तुमच्याशीही माझा वाद आहे. २०१५ मध्ये इंग्लंडमध्ये नियोजनाचे नियम असे बदलले की जमिनीवर नवी पवनचक्की उभी करणं जवळजवळ अशक्य झालं. एका माणसाची हरकतही प्रकल्प अडवायला पुरेशी ठरायची. तेव्हा ब्रिटन संघातच होता. तुम्ही म्हणता तो धाक तेव्हा कुठे गेला होता? ही अडवणूक जुलै २०२४ मध्ये उठली, तीसुद्धा निवडणुकीत सरकार बदललं म्हणून. आणि स्कॉटलंडमध्ये हा नियमच नव्हता, कारण नियोजन तिथल्या सरकारच्या हातात आहे. नऊ वर्षांचं हे नुकसान ब्रेक्झिटच्या खात्यावर टाकता येणार नाही.

सिद्धेश्वरतळं

ताई, मान्य. धाकाचा मुद्दा मी गरजेपेक्षा ताणला. संघाने आकडा दिला होता, तो कशातून गाठायचा हे देशावर सोडलं होतं. जमिनीवरची पवनचक्की अडवून समुद्रातली उभी केली तरी संघाची हरकत नव्हती.

पण बाजाराचा मुद्दा मी सोडणार नाही.

ब्रिटन आणि शेजाऱ्यांच्या मध्ये समुद्राखालून केबल आहेत. फ्रान्सला १९८६ पासून २,००० मेगावॉटची, नेदरलँड्सला २०११ पासून १,००० ची, बेल्जियमला २०१९ पासून १,००० ची, डेन्मार्कला २०२३ च्या अखेरीपासून १,४०० ची. वाऱ्याच्या विजेला या केबल फार लागतात, कारण वारा आपल्या सोयीने वाहत नाही. रात्री उत्तर समुद्रात वारा सुटला आणि ब्रिटनमध्ये मागणी नसली, तर वीज बाहेर गेली पाहिजे, नाहीतर चक्क्या थांबवाव्या लागतात. २०२० पर्यंत उद्याच्या विजेचा सौदा आणि केबलवरची जागा एकाच गणितात ठरायची. संगणक सगळ्या देशांच्या बोली एकत्र घ्यायचा आणि स्वस्ताकडून महागाकडे वीज आपोआप जायची. बाहेर पडल्यावर हे दोन सौदे वेगळे झाले. आधी केबलवरची जागा लिलावात घ्यायची, मग वीज वेगळी विकायची.

बाळीवेस_आडत

मी विजेतला नाही, मार्केट यार्डातला आहे. पण सर जे म्हणाले ते मला चटकन कळलं.

आपल्या यार्डातला कांदा बेंगळुरूला, हैदराबादला जातो. समजा व्यापाऱ्याला सांगितलं की उद्याचा बेंगळुरूचा भाव कळायच्या आत आज ट्रकचं भाडं भरून टाक. तो अंदाजानं भरणार. भाव पडला की भाडं अंगावर. भाव चढला आणि ट्रक घेतला नसला की माल इथं कुजणार. चार वेळा अंगावर आलं की पुढच्या वेळी तो शेतकऱ्याच्याच पट्टीतून तेवढं कापून ठेवणार. माझ्या चाळीस वर्षांत मी हेच बघितलंय. अंदाज जेवढा जास्त, तेवढा मधला खर्च जास्त, आणि तो शेवटी पिकवणारा नाहीतर खाणारा भरतो.

सिद्धेश्वरतळं

अण्णा, मला इतक्या वर्षांत इतक्या सोप्या शब्दांत सांगता आलं नव्हतं. अगदी हेच. कधीकधी तर महाग बाजूकडून स्वस्त बाजूकडे वीज वाहते, कारण जागा घेणाऱ्याचा अंदाज चुकलेला असतो. बाहेर पडतानाच्या ब्रिटन–युरोप करारात लिहिलं होतं की यावर नवी व्यवस्था शोधू. ती उभी राहिली नाही.

होटगीरोड

जोडलं म्हणजे फायदाच, असं धरून चाललोय आपण. ३० आणि ३१ जुलै २०१२ आठवा. उत्तर, पूर्व आणि ईशान्येची ग्रिड कोसळली, सुमारे ६० कोटी लोक अंधारात गेले. दक्षिणेला झळ बसली नाही. का? दक्षिण तेव्हा एका फ्रिक्वेन्सीवर जोडलेली नव्हती. माझे वडील तेव्हा हॉस्पिटलात होते, म्हणून तो दिवस मी विसरत नाही. आपल्याकडे वीज होती, पण टीव्हीवर दिल्लीची मेट्रो थांबलेली बघताना मनात एकच विचार होता की हे इथं झालं असतं तर. शेजाऱ्याचा दोष आपल्या घरात येऊ नये असं वाटणं चूक आहे का?

सिद्धेश्वरतळं

चूक अजिबात नाही. पण इथे दोन गोष्टी मिसळतायत. २०१२ ला जे कोसळलं ते तारांचं जाळं. ब्रिटनच्या तारा युरोपशी त्या अर्थाने कधीच जुळलेल्या नव्हत्या. समुद्राखालच्या सगळ्या केबल डीसी (एकदिश प्रवाहाच्या) आहेत, फ्रिक्वेन्सी दोन्हीकडे स्वतंत्र. म्हणजे २०१२ मध्ये आपल्या दक्षिणेकडे होतं तसं संरक्षण ब्रिटनला संघात असतानाही होतं. बाहेर पडून त्यात काडीची भर पडली नाही. गेला तो फक्त बाजार.

आणि त्या सुरक्षित दक्षिणेची दुसरी बाजूही आम्ही बघितली आहे. लाइन अपुरी म्हणून वीजबाजारात दक्षिणेचा भाव वेगळा निघायचा, आणि बऱ्याचदा उरलेल्या देशापेक्षा चांगलाच चढा. इकडे वीज पडून, तिकडे भारनियमन. म्हणून तर रायचूरची लाइन ओढली.

यंत्रमाग_अक्कलकोटरोड

धागा दोन दिवस वाचतोय. आमचा टॉवेलचा कारखाना आहे, थोडा माल बाहेर जातो. मला यातला एकच प्रश्न पोटाशी लागतो. नियम कोण करतो यापेक्षा तो किती दिवस टिकतो?

छतावर सोलर घ्यायचं म्हणून एकदा सगळा हिशेब मांडला, कर्ज मंजूर करून घेतलं, अर्ज दिला. ज्या कार्यालयात अर्ज होता तिथे महिने गेले, मधेच मीटरिंगचे नियम बदलणार अशी चर्चा सुरू झाली, आणि बँक म्हणाली नवीन हिशेब द्या. घरात लग्नकार्य होतं, मी ते पैसे तिकडे वळवले. पॅनेल दोन वर्षं उशिरा बसली. त्या दोन वर्षांची बिलं मी अजून फाइलला ठेवली आहेत. आमच्यासारख्या लहान माणसाचं हे, तर समुद्रात चक्की उभी करणाऱ्याचं काय होत असेल?

कार्बनचंही तसंच. ब्रिटन युरोपच्या कार्बन बाजारातून (जिथे कारखाने कार्बन सोडायचे परवाने विकत घेतात) बाहेर पडला आणि १ जानेवारी २०२१ ला स्वतःचा काढला. लहान बाजार, भाव डळमळीत. २०२३ मध्ये तो युरोपच्या भावाच्या बराच खाली गेला. आता युरोपचा सीमेवरचा कार्बन कर, सीबॅम, १ जानेवारी २०२६ पासून प्रत्यक्ष लागू आहे आणि त्यात वीजसुद्धा येते. म्हणजे ब्रिटनची वाऱ्याची वीज केबलमधून युरोपात गेली तरी तिच्यावर कार्बनचा हिशेब लावायची पाळी. आमचे टॉवेल सीबॅममध्ये नाहीत, पोलाद, सिमेंट, ॲल्युमिनियम, खतं आहेत. पण ब्रिटन २०२७ पासून स्वतःचा वेगळा कर आणतोय. एकाच मालाला दोन दरवाजांवर दोन हिशेब. पुणे–कोल्हापूर पट्ट्यातल्या फौंड्रीवाल्यांना विचारा.

मंगळवेढ्याची_ज्वारी

टिकाऊपणाचा मुद्दा खरा, पण तिथेही एक अडचण आहे. ब्रिटिश सरकार लिलाव घेतं, त्यात कंपन्या कोणत्या भावाने वीज देऊ याची बोली लावतात. २०१९ च्या लिलावात समुद्रातल्या पवनविजेचा भाव मेगावॉट-तासाला ३९.६५ पौंडांपर्यंत खाली आला होता (२०१२ च्या किमतींत). तेव्हा ब्रेक्झिटची अनिश्चितता शिगेला होती, तरी बोली आल्या. आणि २०२३ च्या लिलावात समुद्रातल्या पवनऊर्जेची एकही बोली आली नाही. तेव्हा ब्रेक्झिट होऊन तीन वर्षं झाली होती. पोलाद, व्याजदर सगळं वाढलेलं असताना सरकारने कमाल भाव खाली ठेवला, हे कारण. पुढच्या वर्षी भाव वाढवला, बोली परत आल्या.

इंग्लंडमधल्या हल शहराचं उदाहरण मला नेहमी विचारात पाडतं. त्या शहराने २०१६ च्या ब्रेक्झिटच्या सार्वमतात दोन-तृतीयांशांहून जास्त मतं बाहेर पडण्याच्या बाजूने दिली. त्याच वर्षी तिथे सीमेन्सचा पवनचक्कीच्या पात्यांचा कारखाना सुरू झाला आणि २०२१ मध्ये त्याचा विस्तारही जाहीर झाला. लोकांनी मत दिलं ते विजेसाठी नव्हतं. बंद पडलेली मासेमारी, गेलेली कामं, हे त्यांच्या मनात होतं. गिरण्या बंद पडताना बघितलेल्या आपल्या गावाला हे कळायला हवं.

सिद्धेश्वरतळं

ताई, मासेमारी म्हणालात म्हणून सांगतो. ब्रिटन–युरोप करारातल्या ऊर्जेच्या भागाला मुदत घातली होती ३० जून २०२६. मासेमारीच्या तडजोडीची मुदतही तीच. युरोपला मासे हवे होते, ब्रिटनला वीज, म्हणून दोन्ही एका दोरीला बांधले. मे २०२५ मध्ये मासेमारीला २०३८ पर्यंत वाढ मिळाली, आणि दोन्ही कार्बन बाजार परत जोडायचे, ब्रिटनला युरोपच्या वीजबाजारात घेण्याचा विचार करायचा, असं ठरलं. नऊ वर्षं फिरून माणूस त्याच दारात आला. मधल्या काळात उत्तर समुद्रातल्या मच्छीमारालाही काही मिळालं नाही आणि वीजबिल भरणाऱ्यालाही.

होटगीरोड

मग माझा एक प्रश्न आहे, आणि खरंच उत्तर हवंय. परत जोडताना युरोपचे नियम जसे बदलतील तसे ब्रिटनने पाळायचे, आणि त्या कायद्याचा अंतिम अर्थ युरोपीय न्यायालय लावणार. ते नियम ठरवताना ब्रिटनला मत असणार का?

सिद्धेश्वरतळं

मत नसणार. म्हणणं मांडता येईल, मत देता येणार नाही. २०१३ मध्येही चीनच्या सोलर पॅनेलवर कर लावू नका म्हणून ब्रिटन आतून भांडला. युरोपने तरी किमान किमतीचं बंधन घातलं, आणि ते सप्टेंबर २०१८ पर्यंत राहिलं. पण तेव्हा निदान भांडायला खुर्ची होती.

होटगीरोड

खुर्ची गेली, हे मान्य. पण सर, त्या खुर्चीवर बसूनही पॅनेल पाच वर्षं महाग घ्यावी लागली, हे तुम्हीच आत्ता लिहिलंत. मी माझं मत बदलत नाही. बाजाराबद्दल मात्र अण्णांचा ट्रक डोक्यातून जात नाही.

बाळीवेस_आडत

उद्या पहाटे या की यार्डात. लिलाव साडेदहाला सुरू होतो. ट्रकवाले कधी ठरतात आणि भाव कधी फुटतो, ते डोळ्यांनी बघा, मग बोलू.