‘तिला समजले’ आणि ‘ती समजत होती’ : लहान मुलांशी बोलताना

प्रश्न : लहान मुलांशी बोलताना ‘तिला समजले’, ‘ती समजत होती’ आणि ‘तिला वाटते’ यांत फरक करावा का?

उत्तर : जरूर करावा. ‘चेंडू पेटीत आहे हे तिला समजले’ या वाक्यात चेंडू खरोखरच पेटीत असल्याची बोलणाऱ्याची ग्वाही असते. ‘चेंडू पेटीत आहे असे ती समजत होती’ म्हटले की तो तेथे नसावा, असे ऐकणारा धरून चालतो. तर ‘तिला वाटते’ म्हणताना खरेखोटे ठरवलेले नसते. ‘तिची समज’ म्हणजे आकलनशक्ती आणि ‘तिचा समज’ म्हणजे चुकीचीही असू शकणारी धारणा, हा भेदही याच जातीचा आहे.

दुसऱ्याच्या मनातली धारणा वस्तुस्थितीहून वेगळी असू शकते, हे मुलांना साधारणपणे चौथ्या वर्षाच्या आसपास उमगू लागते. विमर आणि पर्नर या मानसशास्त्रज्ञांच्या १९८३ च्या प्रयोगातील गोष्टीत मॅक्सी बाहेर गेलेला असताना त्याचे चॉकलेट दुसऱ्या कपाटात हलवले जाते आणि परतल्यावर तो ते कोठे शोधेल, असे विचारले जाते. तीन वर्षांची बहुतेक मुले नव्या कपाटाकडेच बोट दाखवतात; मॅक्सीला ते हलवल्याचे माहीत नाही, हे त्यांच्या ध्यानात येत नाही. ही जाण केवळ वयाबरोबर आपोआप येत नाही. रफमन आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखवले की, चित्रे दाखवताना ज्या आया ‘वाटते’, ‘माहीत आहे’ अशा तऱ्हेचे अधिक बोलतात, त्यांच्या मुलांना पुढे इतरांची मने अधिक चांगली कळतात; उलट दिशेचा संबंध मात्र आढळला नाही. ऐकू येणाऱ्या आईवडिलांच्या कर्णबधिर मुलांना ही जाण बरीच उशिरा येते, पण कर्णबधिर आईवडिलांकडून जन्मापासून खुणांची भाषा मिळालेली मुले मागे पडत नाहीत, हा मला सर्वांत बोलका पुरावा वाटतो.

चुकीच्या समजुतीसाठी स्वतंत्र क्रियापद असलेल्या तुर्कीसारख्या भाषांत अशा प्रश्नांत ते क्रियापद वापरल्यास मुलांना उत्तर देणे सोपे जाते, असेही आढळले आहे. मराठीत ते काम ‘समजत होता’ आणि बऱ्याचदा भूतकाळी ‘वाटले’ करते. मात्र नुसती क्रियापदे पेरून भागत नाही. मुलाच्या मनात त्या क्षणी जे आहे त्याच्याशी शब्द जुळले पाहिजेत. म्हणून डबा जुन्याच जागी आहे असे सांगणाऱ्या मुलाला ‘खोटे बोलू नकोस’ असे दटावण्यापेक्षा ‘ताईने डबा हलवलेला तुला दिसला नाही, म्हणून तो तिथेच आहे असे तुला वाटले’ हे वाक्य लांब असले तरी अधिक नेमके आहे.