मुक्तिवाहिनी जिंकली ती मुख्यालयामुळे, नुसत्या धाडसामुळे नाही

बिनतारी:
बांगलादेशच्या स्वातंत्र्यासाठी पाकिस्तानी सैन्याशी लढलेल्या मुक्तिवाहिनीच्या पोरांच्या धाडसाबद्दल लोक नेहमी बोलतात, ते खरंच आहे, पण जुलै १९७१ मध्ये कलकत्त्यात सेक्टर कमांडर एकत्र बसले, ११ सेक्टर म्हणजे लढाईचे विभाग ठरले, तेव्हा त्या धाडसाला दिशा मिळाली. ऑपरेशन जॅकपॉट बघा. १५-१६ ऑगस्टच्या रात्री चितगाव, मोंगला, चांदपूर, नारायणगंज, चारही ठिकाणी एकदमच जहाजांच्या बुडाला माइन, म्हणजे सुरुंग लागले. सिग्नल म्हणजे आकाशवाणी कलकत्त्यावर ठरवून लावलेली दोन गाणी, पहिलं वाजलं की तयारीत राहायचं, दुसरं वाजलं की हल्ला. साधा ट्रान्झिस्टर पुरला. मुख्यालयाशिवाय हे होऊच शकत नाही.

रानवाट:
अजिबात पटलं नाही. वरून वेळ आली, पण लपायचं कुठे आणि पाण्यात उतरायचं कुठून हे काय कलकत्त्यातून दिसत होतं का? टांगाईलच्या कादेर सिद्दीकींनी तर देशाच्या आत राहूनच फौज उभी केली, पाकिस्तानी सैन्याची शस्त्रं भरलेली जहाजंच धरली. हुकमाची वाट बघत बसले असते तर जहाजं निघून गेली असती.

बिनतारी:
आणि ११ डिसेंबरला आपली २ पॅरा, म्हणजे भारताची छत्रीधारी पलटण, तिथंच उतरली, तेव्हा कादेर यांची माणसं मदतीला होती ती आपोआप? एक भारतीय कॅप्टन आधीपासून आत जाऊन राहिला होता.

जुना वाचक:
मुख्यालय चुकलं तर चूकही सगळीकडे एकदमच होते हो. रशियात मे १९४२ मध्ये पोनोमारेन्को यांच्या हाताखाली पार्टिझानांचं, म्हणजे जर्मनांशी लढणाऱ्या गनिमी तुकड्यांचं, केंद्रीय मुख्यालय निघालं, ऑगस्ट १९४३ मध्ये हुकूम सुटला की रूळ उडवा. त्यांचाच सुरुंगतज्ज्ञ स्तारिनोव्ह म्हणत होता गाड्या पाडा, रूळ जर्मन पटकन बदलतात, इंजिनं कुठून आणतील? जंगलातून पाठीवर वाहून आणलेलं स्फोटक असं रुळांवर खर्च झालं, याचा मला आजही राग येतो.

पूर्वा:
मूळ दुखणं वेगळंच आहे. मुजीब वाहिनी हा वेगळा गट भारताच्या मेजर जनरल उबान यांच्याकडे, मुक्तिवाहिनीचे सेनापती उस्मानी यांचा तिच्यावर ताबाच नाही, मग एकाच भागात दोन गट आणि दोघांचे मालक वेगळे, यातून भांडणं होणारच होती. हुकूम कमी की जास्त ते नंतर, आधी तो एकाचाच हवा.

रानवाट:
एकाचा म्हणजे कोणाचा, तेही बोला. २१ नोव्हेंबरला संयुक्त कमांड झाली ती भारताच्या जनरल अरोरांच्या हाताखाली, आणि १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागतीवर सह्या झाल्या तेव्हा उस्मानी तिथं नव्हतेच. आठ-नऊ महिने लढले त्यांचा सेनापती त्या टेबलापाशी नाही, हे मला तरी पटत नाही.