क्लासिक ३५० साठी कंपनीपेक्षा शांत सायलेन्सर कोल्हापुरात बनवून घ्यावा का?

पेठेतला_बुलेटवाला

नमस्कार. माझ्याकडे २०१४ सालची, कार्ब्युरेटरवर चालणारी रॉयल एनफील्ड क्लासिक ३५० आहे. गाडी जुनी घेतली तेव्हाच तिचा मूळ सायलेन्सर गायब होता. आधीच्या मालकाने बसवलेली आखूड पुंगळी आणि तिच्या तोंडाशी ठोकलेली एक सुटी जाळी, एवढाच आवाजाचा बंदोबस्त आहे. शिरोली एमआयडीसीत माझी पहिली पाळी असते, त्यामुळे पहाटे साडेपाचच्या सुमारास मंगळवार पेठेतल्या बोळातून गाडी बाहेर काढावी लागते. बोळ अरुंद, दोन्ही बाजूंना दुमजली घरे आणि समोरच्या माडीवर तान्हे बाळ. शेजारी अजून भांडायला आलेले नाहीत. पण समोरच्या काकूंनी परवा अगदी हसतमुखाने, "गाडी कोपऱ्यापर्यंत ढकलत नेलीत तर बरं होईल हो," असे सुचवले, आणि ते भांडणापेक्षा जास्त लागले.

शहरात ज्याला त्याला आवाज वाढवून हवा असतो, मला मात्र कंपनीच्या सायलेन्सरपेक्षाही शांत असा सायलेन्सर हवा आहे. उद्यमनगरात मापाप्रमाणे बनवून देणारे कारागीर आहेत, असे ऐकतो. मात्र आवाज कमी केला की गाडीची ओढ जाते, असे बहुतेक मेकॅनिक सांगतात, आणि मला महिन्यातून एखाद्या वेळी मागे कुटुंबाला बसवून गगनबावड्याचा घाट चढायचा असतो. असा सायलेन्सर खरोखर बनतो का, त्यासाठी कार्ब्युरेटरमध्ये काही बदल करावा लागतो का, आणि आवाज कमी करणारा बदलही बेकायदेशीर ठरतो का, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

लेथ_आणि_आर्गन

नमस्कार. उद्यमनगरात माझे फॅब्रिकेशनचे काम आहे, तेव्हा कारागिराच्या बाजूने लिहितो.

पहिले म्हणजे ती तोंडाची जाळी विसरा. आवाज दाबण्यासाठी तोंड बारीक करणे हा सर्रास मिळणारा आणि सर्वांत वाईट उपाय आहे. गाडी गुदमरते, बेंड पाइप (इंजिनपासून सायलेन्सरपर्यंतचा वाकडा पाइप) आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नको तेवढे तापतात, आणि आवाजाची धार थोडी बोथट झाली तरी त्याचा धक्का तसाच राहतो. मेकॅनिक जे ओढ जाण्याबद्दल सांगतात ते अशाच कामांच्या अनुभवावरून, आणि तेवढ्यापुरते ते खरे आहे.

सायलेन्सर शांत होतो तो त्याच्या पोटामुळे. आमच्याकडे ढोबळ हिशेब असा की, सायलेन्सरच्या आतली जागा इंजिनच्या सीसीच्या किमान दहापट असावी. तुमचे इंजिन ३४६ सीसीचे, म्हणजे साडेतीन लिटरच्या आसपास जागा हवी. सध्याची पुंगळी साधारण ६० मिलिमीटर व्यासाची आणि ३०० मिलिमीटर लांबीची असेल, तर तिच्या पोटात जेमतेम ८५० सीसी मावतात, म्हणजे अडीचपट. तिला कितीही जाळ्या ठोकल्या तरी ती ओरडणारच. याउलट १०० मिलिमीटर व्यासाचे आणि ५०० मिलिमीटर लांबीचे नळकांडे घेतले, तर ३.९ लिटर जागा मिळते आणि ते गाडीला विशोभितही दिसत नाही.

मात्र नुसते मोठे नळकांडे पुरत नाही. एक सिलिंडरचे चार-स्ट्रोक इंजिन दर दोन फेऱ्यांमागे एकदा पेटते. म्हणजे ३००० आरपीएमला सेकंदाला २५ ठोके. तुमच्या बुलेटची धडधड हीच. तिच्यावर स्वार झालेला कर्कश फटफटाट वरच्या कंपनसंख्यांचा असतो. या दोहोंना औषध वेगवेगळे. वरचा कर्कशपणा भोके पाडलेल्या पाइपाभोवती ग्लासवूल भरले की चांगला शोषला जातो. पण धडधडीवर ग्लासवूलचा परिणाम जवळपास शून्य असतो. तिच्यासाठी रिकामे कप्पे आणि त्यांना जोडणारे पाइप लागतात. ३८ मिलिमीटरच्या पाइपातून येणारा वायू १०० मिलिमीटरच्या कप्प्यात शिरतो तेव्हा वाट एकदम सातपट रुंद होते, आवाजाचा काही भाग तिथूनच मागे परततो, आणि असा एक कप्पा काही ठरावीक कंपनसंख्यांवर ११ डेसिबलपर्यंत घट देऊ शकतो. गंमत अशी की, त्याच कप्प्याच्या लांबीनुसार काही कंपनसंख्या अजिबात न अडता आरपार निघून जातात. तापलेल्या वायूत आवाजाचा वेग सेकंदाला ५०० मीटरच्या घरात धरला, तर ५०० मिलिमीटरचा सलग कप्पा ५०० हर्ट्झच्या आवाजाला सरळ वाट देतो. म्हणून कप्पे दोन करावेत आणि ते असमान करावेत: ३०० आणि २००. एकातून जे सुटते ते दुसऱ्यात अडकते. दोन समान कप्पे करून देणारा कारागीर भेटला, तर त्याला काम देऊ नका.

शेवटचा शेपटीचा पाइप लांब आणि आतल्या बाजूने कप्प्यात थोडा घुसवलेला असावा. पोट मोठे आणि शेपटी लांब असेल तर खालचे आवाजही अडायला लागतात. तुमच्या इंजिनला २८ मिलिमीटर आतला व्यास पुरतो. त्याखाली जाण्याचा मोह टाळावा, कारण गुदमरणे तिथून सुरू होते. पत्रा स्टेनलेसचा, ३०४ ग्रेडचा किंवा कंपन्या वापरतात तो ४०९ ग्रेडचा; जोड आर्गन वेल्डिंगचे. ग्लासवूल पाइपाला थेट लावू नये. आधी स्टीलवूलचा एक थर गुंडाळून मग ग्लासवूल भरले, तर धक्क्यांनी त्याचे तंतू तुटून भोकांतून बाहेर उडत नाहीत.

नियमाने_चाला

वरील तांत्रिक माहिती उत्तम आहे, परंतु प्रश्नाचा तिसरा भाग महत्त्वाचा असल्याने सविस्तर लिहितो.

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधील नियम १२० प्रमाणे प्रत्येक वाहनाला सायलेन्सर असणे बंधनकारक आहे. १ एप्रिल २००५ पासून १७५ सीसीपेक्षा मोठ्या मोटारसायकलींसाठी उत्पादनाच्या वेळची मर्यादा ८० डेसिबल आहे, आणि ती ७.५ मीटर अंतरावरून, गाडी जोरात वेग घेत असताना मोजली जाते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) नुसार आवाजाची किंवा धुराची मानके मोडल्यास पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने परवाना अपात्र, अशी तरतूद २०१९ च्या दुरुस्तीने झाली. त्याच दुरुस्तीतले कलम १८२अ(४) मालकाने केलेल्या बेकायदेशीर बदलांसाठी असून तिथे सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. तेव्हा "मी आवाज कमी केला आहे" हा बचाव मनाला पटणारा असला तरी कायद्याच्या दृष्टीने तो आपोआप ग्राह्य धरला जात नाही. ताराराणी चौकात थांबवणारा हवालदार डेसिबल मोजण्याआधी सायलेन्सरचा आकार पाहतो, हेही व्यवहारात ध्यानात ठेवावे.

आता आवाज मोजण्याबाबत एक गोष्ट. ज्या डेसिबलमध्ये नियम लिहिलेला आहे ती मोजणी माणसाच्या कानाप्रमाणे खालच्या आवाजांना कमी वजन देते. ६३ हर्ट्झच्या आवाजातून सुमारे २६ डेसिबल, तर ३१.५ हर्ट्झच्या आवाजातून सुमारे ३९ डेसिबल वजा होतात. म्हणून मोबाइलवरच्या मीटरमध्ये आकडा छान उतरलेला दिसतो, आणि तरीही समोरच्या माडीची खिडकी थरथरत राहते. भिंती आणि दारे कर्कश आवाज बऱ्यापैकी अडवतात, धडधड मात्र आत जाते. शिवाय ७.५ मीटरवर ऐकू येणारा आवाज दोन मीटरवर मोकळ्या जागेतसुद्धा ११ डेसिबलच्या आसपास वाढतो. बोळात भिंतींवरून परतणारा आवाज वेगळाच. त्यामुळे सायलेन्सर तयार झाल्यावर आकड्यावर समाधान मानू नये, दुसऱ्या कुणाला तरी गाडी चालू करायला सांगून स्वतः माडीवर उभे राहून ऐकावे.

माझे मत असे की, आधी कंपनीचा मूळ सायलेन्सर मिळवावा. तो अधिकृत सुट्या भागांच्या दुकानात मागवता येतो. तो बसवल्यावर तुमची तक्रार बहुधा उरणारच नाही.

थंडरप्रेमी

क्षमस्व, पण ज्याला आवाज नको त्याने बुलेट का घ्यावी, हे मला उमगलेले नाही. कंपनीचा सायलेन्सर बसवून विषय संपवावा. त्याहून शांत बुलेट रस्त्यावर आली तर पादचाऱ्यांना कळणारसुद्धा नाही.

पन्हाळा_रोड

बुलेट ही बसायला, ओढीला आणि घाटाला घेतात. शेजाऱ्यांना उठवायला नव्हे. असो.

मूळ प्रश्नकर्त्यांना सुचवतो की, सायलेन्सरला हात लावण्याआधी आवाज नक्की कुठून येतो ते पाहावे. जुन्या गाडीत बेंड पाइप जिथे इंजिनच्या हेडला लागतो तिथली पॅकिंग रिंग दबून खराब झालेली असते आणि तिथून फुस्सफुस्स सुरू असते. थ्रॉटल सोडल्यावर फटाके फुटतात तेही बऱ्याचदा इथून हवा आत ओढली गेल्यामुळे. इंजिन थंड असताना गाडी चालू करावी, हातमोजा घालून जाड फडके सायलेन्सरच्या तोंडाशी क्षणभर धरावे आणि बेंड पाइपच्या जोडाकडे कान द्यावा. जोड घट्ट असेल तर इंजिन दबून बंद पडायला लागते. फुटलेला असेल तर तिथून शिट्टीसारखी हवा येते. ती रिंग किरकोळ किमतीची असते आणि अनेकदा निम्मी तक्रार तिथेच मिटते.

दुसरी जागा हवेच्या फिल्टरची. ज्या मालकाने पुंगळी बसवली, त्याने बहुधा फिल्टरचा डबा काढून उघडा शंकूसारखा फिल्टरही लावला असेल. इंजिन हवा आत ओढते तोही मोठा आवाज असतो, आणि फिल्टरचा डबा तो दाबण्याचेही काम करतो. डबा नसेल तर जगातला सर्वांत शांत सायलेन्सर बसवूनही थ्रॉटल वळवताच गुरगुर ऐकू येईल. डबा परत बसवला, तर कार्ब्युरेटरचा मेन जेट (पेट्रोल सोडणारे मुख्य छिद्र) मूळ मापाचा आहे का तेही तपासावे, कारण उघड्या फिल्टरसोबत तो मोठा टाकलेला असण्याची शक्यता फार आहे. तसाच राहिला तर मिश्रण श्रीमंत होऊन, म्हणजे त्यात पेट्रोल जास्त होऊन, प्लग काळा पडेल आणि ॲव्हरेज घसरेल. पीयूसी करताना कार्बन मोनॉक्साइडचा आकडा ३.५ टक्क्यांच्या खाली येतो का, हे पाहिले की मिश्रणाचा अंदाज येतो.

पहाटेबद्दल म्हणाल, तर थंड इंजिन जागेवर रेस करून तापवण्याची काहीच गरज नसते. चोक ओढून चालू करावी, आयडलिंग स्थिर झाले की पहिल्या गिअरमध्ये अलगद निघावे. इंजिन चालता चालता तापते.

पेठेतला_बुलेटवाला

सर्वांचे मनापासून आभार. पन्हाळा रोड यांचा अंदाज अचूक निघाला: सीटखालच्या बाजूचा फिल्टरचा डबा खरोखरच नाही, उघडा फिल्टर क्लॅम्पने आवळलेला आहे. बेंड पाइपच्या जोडाभोवती हेडवर काळी काजळीही दिसते. हे दोन्ही आधी दुरुस्त करून घेतो आणि मूळ सायलेन्सर मागवतो.

तरीही लेथ आणि आर्गन यांना एक विचारायचे आहे. मूळ सायलेन्सर बसवल्यावर धडधड जाणवत राहिली, तर त्याच्याच नळकांड्यात आतून काम करता येईल का? बाहेरचा आकार तोच राहिला तर नियमाने चाला यांनी सांगितलेली अडचणही थोडी सौम्य होईल, असे वाटते.

नियमाने_चाला

आकार तोच राहिला तरी आतला बदल हा बदलच असतो, एवढे नमूद करतो. सौम्य होईल ती हवालदाराची शंका, कायदा नव्हे.

लेथ_आणि_आर्गन

करता येते, पण नवा सायलेन्सर कापू नका. कंपनीच्या सायलेन्सरचे आतले कप्पे विचार करून केलेले असतात आणि ते फोडून त्याहून चांगले काही बसवणे त्या नळकांड्याच्या जागेत अवघड आहे. बीएस-४ आणि त्यापुढच्या प्रदूषण मानकांच्या गाड्यांत तर धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बेंड पाइपात किंवा सायलेन्सरमध्ये असतो, त्यामुळे तिथे करवत लावणे म्हणजे पीयूसीत नापास होण्याला आमंत्रण. तुमच्या बाबतीत मी एवढेच करीन की, सायलेन्सरच्या तोंडावर बाहेरून बसणारा, क्लॅम्पने काढता-घालता येणारा एक लांब शेपटीचा पाइप वळवून देईन. आतला व्यास मूळ तोंडाएवढाच, लांबी २०० ते २५० मिलिमीटर, आणि तोंड किंचित खाली व मागे. मूळ सायलेन्सरला वेल्डिंगचा एक टाकाही पडणार नाही आणि नको वाटला तर पान्याने दोन मिनिटांत निघेल. धडधड किती उतरते ते माडीवर उभे राहून ऐका. पुरेसे वाटले नाही तरच पुढचा विचार करू.

दोन सूचना. आवाज उतरला की आजवर झाकलेले बाकीचे आवाज ऐकू येऊ लागतात: चेनची घरघर, थंड इंजिनमधली पिस्टनची टकटक. तुमच्या इंजिनला हायड्रॉलिक टॅपेट (तेलाच्या दाबाने आपोआप जुळणारे) आहेत, त्यामुळे टॅपेट सेट करून द्या म्हणून कुणी मागे लागला तर ऐकू नका, आधी तेलाची पातळी बघा. आणि जोडलेल्या पाइपात सर्वांत खालच्या जागी तीन मिलिमीटरचे एक भोक ठेवायला सांगा. पेट्रोल जळताना पाणी तयार होते. तुमचा पल्ला पेठ ते शिरोली एवढाच असल्याने पाइप पुरता तापत नाही, ते पाणी आत साचते आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात तर वाळायचे नावच घेत नाही. स्टेनलेसमध्येसुद्धा पहिला गंज वेल्डिंगच्या जोडाशी धरतो. बेंड पाइपची नवी रिंग बसवल्यावर इंजिन एकदा पुरते तापू द्या, गार झाले की तिथले नट पुन्हा आवळा, आणि मग गाडी घेऊन या.