मदत हवी आहे: बाबांच्या तळपायाची जखम आणि बधिर नसा

नमस्कार मंडळी. बाबांना वीस वर्षांचा मधुमेह. गेल्या महिन्यात चपलेतला खिळा दिवसभर टोचत राहिला आणि त्यांना पत्ताच नाही. आईला फरशीवर रक्ताचे ठसे दिसले तेव्हा कळलं. स्पर्श कळतो का हे बघायला डॉक्टरांनी १० ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा तंतू तळव्याला टेकवून पाहिला. बाबा डोळे मिटून म्हणतात, "लावा की!" तोवर चार ठिकाणी लावून झाला होता.

मला वाटायचं, नसा गेल्या की दुखणं कळत नाही, एवढंच. पण नसा जखम भरायलाही मदत करतात म्हणे. त्यांच्या टोकांतून सीजीआरपी नावाचा पदार्थ सुटतो. २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठाच्या गटाने 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात दाखवलं की तो पांढऱ्या पेशींना दाह आवरून दुरुस्तीकडे वळवतो. मधुमेही उंदरांना त्याचं सुधारित रूप दिल्यावर जखमा लवकर भरल्या. उंदरांच्या, हे मलाही कळतं.

तर, माणसांवर याची चाचणी कुठे चालू आहे का? आणि मायग्रेनची काही नवी इंजेक्शनं हाच सीजीआरपी अडवतात, मग मधुमेह असलेल्या माझ्या मावशीने ती घ्यावीत का? तिच्या डॉक्टरांना विचारणारच आहोत, पण इथे कुणी जाणकार असेल तर सांगा.

तूर्त ड्रेसिंग चालू आहे. पायावर भार द्यायचा नाही, पण बाबा ऐकतील तर ना! तळव्यावरचा भार कमी करणारं प्लास्टर, म्हणजे टोटल कॉन्टॅक्ट कास्ट, सांगली-कोल्हापूर भागात कुठे घालतात? खर्च किती येतो? घरगुती लेप कृपया सुचवू नका, हळदीवरून आत्याशी आधीच वाजलंय.