पाच गुण सगळ्यांनाच दिले तर

वर्गातल्या सगळ्यांना ५ गुण वाढवले की प्रमाण विचलनही (गुण सरासरीपासून साधारण किती दूर पसरलेत याचं माप) ५ ने वाढेल, असं कुणाला वाटेल. नाही वाढणार! चार मुलांचे गुण घ्या: २३, २९, ३१, ३७. सरासरी ३०, फरक −७, −१, १, ७. वर्गांची बेरीज १००, भागिले ४ म्हणजे २५, वर्गमूळ ५. आता २८, ३४, ३६, ४२ करा. सरासरी ३५ झाली, पण फरक तेच, म्हणून विचलनही ५ च. रांगच्या रांग पुढे सरकली, माणसांमधलं अंतर तेवढंच.

गोची वेगळीकडे आहे. पेपर ५० चा असेल तर ४८ वाल्याला २ च मिळतात, मग विचलन बदलतं. सेल्सिअसचं फॅरनहाइट करतानाही ३२ मिळवल्याने काही होत नाही, १.८ ने गुणल्याने विचलन १.८ पट होतं.