समविचारींनी ठरवून एकाच राज्यात जाऊन राहावं का? (अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्याच्या निमित्ताने)

आडवाट

आपलं मत जिथे कायम अल्पमतात असतं तिथेच आयुष्यभर हरत राहायचं, की आपल्यासारखा विचार करणाऱ्यांनी मिळून एखाद्या छोट्या राज्यात बिऱ्हाड हलवायचं? हे प्रत्यक्षात करून पाहिलेलं आहे. २००१ मध्ये येल विद्यापीठात पीएचडी करणाऱ्या जेसन सोरेन्स यांनी सुचवलं की सरकारचा पसारा कमी व्हावा असं वाटणाऱ्या २०,००० लोकांनी कमी वस्तीच्या एकाच राज्यात जावं. त्यातून 'फ्री स्टेट प्रोजेक्ट' उभा राहिला. २००३ मध्ये सभासदांनी दहा राज्यांतून मतदानाने न्यू हॅम्पशायर निवडलं, वायोमिंग दुसरं आलं. २०,००० सह्या फेब्रुवारी २०१६ मध्ये पूर्ण झाल्या आणि तिथून पाच वर्षांत स्थलांतर करायचं, अशी प्रतिज्ञा होती.

माझ्या मते यात गैर काहीच नाही, आणि जागाही अचूक निवडली. राज्याची लोकसंख्या १४ लाखांच्या आसपास आणि कनिष्ठ सभागृहात ४०० सदस्य, म्हणजे साधारण ३,५०० माणसांमागे एक. (महाराष्ट्रासारख्या अवाढव्य राज्यात आमदार २८८!) मानधन वर्षाला १०० डॉलर, उमेदवारी अर्जाचं शुल्क २ डॉलर. पैसा नसलेला माणूस दारोदार फिरून इथे खरोखर निवडून येऊ शकतो. १ जानेवारी २०२५ पासून व्याज आणि लाभांशावरचा राज्याचा कर रद्द झाला. ते एकट्या या मंडळींचं काम नाही, रिपब्लिकन बहुमत लागलंच. पण त्या बहुमताचे सभागृहातले नेते जेसन ऑस्बोर्न याच वाटेने राज्यात आलेले आहेत.

लेखाजोखा

आधी आकडे पुरे सांगा. सह्या २०,०००, आणि २०२२ पर्यंत प्रत्यक्ष आलेले सहा हजारांच्या थोडे वर. सही करायला एक मिनिट लागतं. घर विकणं, नोकरी सोडणं, जोडीदाराला पटवणं, मुलांची शाळा बदलणं याला वर्षं लागतात. प्रतिज्ञेवर उभ्या असलेल्या कुठल्याही स्थलांतरात ही गळती धरूनच चालावं लागतं.

दुसरं, क्रॉयडन. न्यू हॅम्पशायरमधलं जेमतेम ८०० वस्तीचं गाव. मार्च २०२२ च्या शाळेच्या वार्षिक सभेत (इथे बजेट जमलेले मतदारच ठरवतात) याच चळवळीतल्या एका गृहस्थांनी ऐनवेळी दुरुस्ती मांडली आणि १७ लाख डॉलरचं शाळेचं बजेट ८ लाखांवर आणलं. मतं २० विरुद्ध १४! गावात शाळा फक्त लहान मुलांची. वरच्या वर्गातली मुलं बाहेरच्या शाळांत जातात आणि त्यांची फी गाव भरतं. म्हणजे अर्धं बजेट कापलं की फीमधला फरक थेट पालकांच्या डोक्यावर.

समविचारींची वस्ती म्हणता तिचा व्यवहारातला अर्थ हा असा: बाकीचे बेसावध असताना वीस हात वर करणं.

सह्यकडा

लेखाजोखा यांना +१. आपल्याला याहून जवळचं उदाहरण आहे. पुण्याचा रजनीश आश्रम १९८१ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात हलला. शेजारचं अँटलोप हे चाळीसेक माणसांचं गाव. अनुयायांनी तिथे घरं घेतली, मतदार म्हणून नावं नोंदवली, १९८२ मध्ये गावचं कौन्सिल जिंकलं आणि १९८४ मध्ये गावाचं नावच 'रजनीश' केलं. त्याच वर्षी वास्को काउंटीची (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाची) निवडणूक जिंकायला बेघर लोकांना बसने आणलं. काउंटीने नव्या मतदार नोंदण्या अडवल्या. त्याच सुमारास काही अनुयायांनी त्याच काउंटीतल्या द डॅल्स गावातल्या हॉटेलांच्या सॅलडमध्ये साल्मोनेला जंतू मिसळले, ७५१ जण आजारी पडले. १९८५ च्या अखेरीस अँटलोपने जुनं नाव परत घेतलं. मतदानाच्या हिशेबाने एकदा माणसं आणायला लागलं की हिशेब कुठे थांबेल ते आणणाऱ्याच्याही हातात राहत नाही.

आडवाट

सह्यकडा, तुलना बसत नाही. तिथे एका गुरूच्या हुकुमावर चालणारी वसाहत होती आणि पुढे सरळसरळ गुन्हे झाले. न्यू हॅम्पशायरमध्ये येणारा स्वतःचं घर घेतो, मालमत्ता कर भरतो, शेजाऱ्यासारखा राहतो. शिवाय राज्यघटनेतच गाळणी आहे: कनिष्ठ सभागृहासाठी दोन वर्षांचं वास्तव्य लागतं, राज्याच्या सिनेटसाठी (वरिष्ठ सभागृह) आणि गव्हर्नरपदासाठी सात.

लेखाजोखा, क्रॉयडनचं तुम्ही अर्धंच सांगितलंत. ७ मे २०२२ ला विशेष सभा झाली आणि ३७७ विरुद्ध २ मतांनी मूळ बजेट परत आलं. लोकशाही चालते ती अशी.

लेखाजोखा

चालली, पण केवढ्या कष्टाने तेही लिहा. पैशाचा ठराव विशेष सभेत फिरवायचा तर यादीतल्या किमान निम्म्या मतदारांनी मत द्यावं लागतं. गावात ५६५ मतदार, म्हणजे २८३ माणसं हवीत. मार्चमध्ये ३४ आली होती. कापायला २० पुरली, जोडायला २८३ लागली. अंगाला झळ बसली म्हणून लोक आले. दर वर्षी, दर विषयाला, इतकी माणसं कोण गोळा करणार? नोकरी करणाऱ्या पालकांकडे तेवढा वेळ नसतो. ठरवून आलेल्या कार्यकर्त्याकडे असतो, तो त्यासाठीच आलेला असतो. माझी हरकत त्यांच्या विचारांना नाही, या विषमतेला आहे.

मुक्ता_९

तत्त्वाचं तुम्ही बघा. जाणाऱ्यांचं कुठे फसतं ते मी लिहिते.

पहिलं नागरिकत्व. एच-१बी किंवा ग्रीन कार्ड असेल तर मतदार नोंदणीच्या टेबलापासून लांब राहा. नागरिक असल्याचा खोटा दावा, नजरचुकीने फॉर्मवर खूण केली तरी, तुमचा मुक्काम संपवू शकतो. गावसभेत बोलायचं तर मतदार नसलेल्याला सभेची परवानगी लागते.

नागरिकांना मतदानाच्या दिवशीही नाव नोंदवता येतं, किती दिवस राहिलात ही अट नाही. पण नोव्हेंबर २०२४ पासून नव्या नोंदणीला पासपोर्ट किंवा जन्मदाखला असा नागरिकत्वाचा कागद दाखवावाच लागतो. लग्नानंतर आडनाव बदललं असेल आणि जन्मदाखला नेणार असाल तर विवाह प्रमाणपत्रही न्या. मार्च २०२५ च्या गाव निवडणुकांत कागद अपुरे म्हणून काहींना परत जावं लागलं. लायसन्स आणि गाडीची नोंदणी रहिवासी झाल्यापासून ६० दिवसांत बदला.

घर: पगारावर राज्याचा कर नाही, विक्रीकर नाही, म्हणून लोक भुलतात. शाळा मुख्यतः मालमत्ता करावर चालतात आणि तो देशातल्या चढ्या करांत मोडतो. शेजारशेजारच्या दोन गावांत दर खूप वेगळा असतो, म्हणून किंमत बघण्याआधी त्या घराचं मागचं कराचं बिल मागवा. स्वतंत्र घराची मध्यक किंमत २०२४ मध्येच ५ लाख डॉलरवर गेली आणि भाड्याची घरं फार कमी. स्वस्त म्हणून कच्च्या रस्त्यावरचं घर घेतलंत तर मार्च-एप्रिलच्या चिखलात गाडी रुतते, आणि गावसभा नेमक्या मार्चमध्ये. विहिरीचं पाणी आर्सेनिकसाठी तपासल्याशिवाय सही करू नका. खडकातल्या विहिरींत ते सर्रास आढळतं, राज्याची मर्यादा अब्जात ५ भाग. तेलाच्या हीटिंगची टाकी बहुधा २७५ गॅलनची असते. 'फोन केल्यावर भरू' असा करार ऐन थंडीत अंगाशी येतो, आपोआप भरण्याचा घ्या.

त्यामुळे पहिला हिवाळा भाड्याने काढा, कामाच्या गावाजवळ. विचार जुळतात म्हणून चार जणांत मिळून जमीन घेणं सगळ्यात धोक्याचं: एक जण सोडून गेला की त्याचा वाटा विकत घ्यायला उरलेल्यांकडे पैसे नसतात. घ्यायचीच तर बाहेर पडण्याची किंमत कशी ठरेल, पैसे किती महिन्यांत द्यायचे आणि तोवर कर कोण भरणार, हे वकिलाकडून आधी लिहून घ्या.

कोरा_कागद

दोन्ही बाजूंना एक मुद्दा. ही चाल एकाच पक्षाची मक्तेदारी नाही. कॅन्ससमध्ये गुलामगिरी असावी की नाही हे १८५४ मध्ये तिथल्या रहिवाशांच्या मतावर सोडलं गेलं, तेव्हापासून गुलामगिरीविरोधी न्यू इंग्लंडकरांनी (अमेरिकेच्या ईशान्येकडच्या राज्यांतल्या लोकांनी) तिथे वस्त्या बसवल्या, लॉरेन्स शहर त्यातलंच. उत्तरादाखल मार्च १८५५ च्या निवडणुकीत शेजारच्या मिसुरीतून गुलामगिरीचे हजारो समर्थक सीमा ओलांडून मत द्यायला आले. जनगणनेप्रमाणे मतदार २,९०५, पडलेली मतं सहा हजारांवर. कॅन्सस १८६१ मध्ये गुलामगिरीमुक्त राज्य झालं, पण मधली वर्षं रक्तपाताची गेली. त्या स्थलांतराला आज कोणी चूक म्हणत नाही. म्हणून 'ठरवून जाणं' हेच वाईट, हे लेखाजोखा यांचं सूत्र मला मान्य नाही. कशासाठी जाता त्यावर ठरतं.

लेखाजोखा

'ठरवून जाणंच वाईट' असं मी म्हटलं नाही. मुक्ता यांनी पहिला हिवाळा भाड्याने काढा म्हटलं, तसंच मी म्हणतो की पहिल्या वर्षी गावसभेत बसा, ऐका, पण ठराव मांडू नका. हिवाळ्यात बर्फाळ रस्त्यावर मीठ-वाळू टाकायला किती खर्च येतो, शाळेची बस कुठवर जाते, हे कळल्यावर कापायचं ते कापा.

आडवाट

ते सौजन्य म्हणून ठीक, नियम म्हणून नाही. २५ नोंदणीकृत मतदारांच्या सह्या असल्या की विषय सभेपुढे येतो (अगदी छोट्या गावात त्याहूनही कमी), मग ते काल आलेले असोत की तीन पिढ्यांचे. जुन्या रहिवाशाच्या सहीला जास्त वजन द्यायचं ठरवलंत, तर उद्या भाडेकरूच्या सहीला कमी वजन देणारा कोणीतरी उभा राहील. क्रॉयडनमधला दोष ऐनवेळच्या दुरुस्तीत होता. त्यावर उपाय आधीच आहे: राज्यातल्या बऱ्याच गावांनी घेतला तसा मतपत्रिकेचा पर्याय घ्यावा. त्यात चर्चेची सभा आधी होते, रक्कम तिथेच बदलते, आणि मार्चमध्ये दिवसभर मतदान चालतं.

लेखाजोखा

त्या चर्चेच्या सभेलाही मोजकीच माणसं येतात आणि रक्कम तिथेच कापता येते. फरक इतकाच की मतदाराच्या हातात पडते ती कापलेली मतपत्रिका.

मुक्ता_९

पण तिथे एक आधार आहे. कापलेलं बजेट मतदानात पाडलं की 'डिफॉल्ट बजेट' लागू होतं, म्हणजे ढोबळमानाने मागच्या वर्षीचंच, बंधनकारक खर्च धरून. क्रॉयडनच्या पद्धतीत तो नव्हता.