मदत हवी आहे: पहिला चित्रपट, अभिनेत्याचं न घेतलेलं मानधन करारात कसं दाखवायचं?

नमस्कार मंडळी. मराठी फीचर, बजेट ४५ लाख, कोकणात १८ दिवसांचं शूट, सिंक साउंड (संवाद शूटच्या वेळीच रेकॉर्ड करणं). मुख्य भूमिका आणि निर्मिती माझ्याकडेच, मानधन मी सध्या घेत नाहीये. पैसे १२-१५ ओळखीच्या लोकांकडून येणार आहेत.

प्रायव्हेट लिमिटेड नको, एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) करायचं जवळपास ठरलंय. कंपनीने मित्रमंडळींकडून उसने घेतले की ते 'ठेवी'त मोजले जाण्याची भीती, आणि शेअर द्यायचे तर प्रायव्हेट प्लेसमेंटची (निवडक लोकांनाच शेअर देण्याची) कागदपत्रं वेगळीच. एलएलपीत सेवेचा करारही (म्हणजे पैशांऐवजी माझं काम) भांडवल म्हणून दाखवता येतो, पण त्याचं मूल्यांकन करून घ्यावं लागतं. इथेच गाडी अडलीय. नवख्या निर्मात्या-नटाचं मानधन सीए कशावरून ठरवतो? आधीच्या मालिकांची बिलं चालतात का? की ते भांडवलात न धरता 'वसुलीनंतर देय' लिहिणं बरं?

दुसरं, वसुलीचा क्रम, म्हणजे चित्रपटाची कमाई आली की आधी कुणाचे पैसे फेडायचे. आधी वितरणाचा खर्च, मग गुंतवणूकदारांचं मुद्दल, मग थकीत मानधनं, उरलेला नफा ५०-५० असा मसुदा आहे. शासनाचं अनुदान याच क्रमात धरता की वेगळं? ते चित्रपट पूर्ण होऊन, सेन्सॉर आणि परीक्षण झाल्यावर मिळतं, म्हणून शूटच्या हिशेबात ते शून्यच धरलंय. (परीक्षणात अनुदानासाठीचा दर्जा मिळेलच हे गृहीत धरून कर्ज काढा, असा सल्ला कृपया नको.)

पोस्ट-प्रॉडक्शनचे (शूटनंतरच्या कामांचे) ११ लाख वेगळ्या खात्यात ठेवतोय, नाहीतर शूट लांबलं की पहिला हात साउंड मिक्स आणि डीआयच्याच (रंगसंस्करणाच्या) पैशांना लागतो. त्यात डीसीपी (थिएटरसाठीची डिजिटल प्रत), सबटायटल्स धरून हा आकडा पुरेल का? कुणाकडे कराराचा नमुना असेल तर नावं खोडून पाठवा.